रडा, पण तालात!

नायिकेनं स्टेजवर जीव तोडून व्हायोलिन वाजवावं, टाळ्यांचा कडकडाट व्हावा आणि त्या कडकडाटातच तिनं धाडकन कोसळावं. मालिकेचा हा चौथाच भाग. पुढचे अठरा भाग नायकाच्या जे डोक्यात शिरत नाही, ते मराठी प्रेक्षकाला तिथल्या तिथे कळतं. अहो, आपण ‘आनंद’ पाहून मोठी झालेली माणसं. पडद्यावर कुणी जरा जास्तच खिदळायला लागलं की आपला हात रुमालाकडे जातो. फरक एवढाच, की ‘आनंद’मध्ये आजाराला नाव होतं आणि राजेश खन्ना ते नाव पदवी मिळाल्यासारखं मिरवायचा. ‘युअर लाय इन एप्रिल’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या काओरी मियाझोनोला गोळ्या मिळतात, सलाइन मिळतं, शस्त्रक्रिया मिळते. बावीस भागांत आजाराचं नाव तेवढं मिळत नाही. डॉक्टरांना विचारावं म्हटलं तर तेही पटकथाकाराच्याच पॅनेलवर.

शेवट फोडला म्हणून कुणी खवळू नये. मालिका जपानी टीव्हीवर ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात येऊन गेली. नाओशी अराकावा यांची मूळ चित्रकथा २०११ पासून मासिकात चालली होती, तिला २०१३ साली कोदान्शा पुरस्कार मिळाला. मग हाडामांसाच्या नटांचा सिनेमा झाला, संगीतिका झाली, ती लंडनलाही जाऊन आली. इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणी मरून झालेल्या मुलीचं मरण गुलदस्त्यात ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि खरं सांगायचं तर या मालिकेत पुढे काय होणार हे कळल्यानं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते कसं होणार हे कळल्यानं.

तर गोष्ट अशी. कोसेइ अरिमा हा पियानोवरचा बालचमत्कार. आई साकी हीच त्याची गुरू. आजारी, चाकाच्या खुर्चीवर, हातात छडी. कागदावर जे लिहिलंय तेच वाजवायचं, तितकंच वाजवायचं, तसंच वाजवायचं. पोरगं स्पर्धांमागून स्पर्धा जिंकत सुटतं आणि बाकीची पोरं त्याला ‘ह्यूमन मेट्रोनोम’, म्हणजे हाडामांसाचं तालयंत्र, म्हणायला लागतात. एकदा आईसाठी म्हणून तो जरा मनापासून वाजवतो. ती त्याला चारचौघांत बदडते. तो रागाच्या भरात तिला मरणाचा शाप देऊन बसतो, आणि ती मरते. पुढच्या स्पर्धेत त्याला स्वतःच्याच पियानोचा आवाज ऐकू येईनासा होतो. रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात, मित्रांच्या गप्पा ऐकू येतात, पियानो तेवढा गायब.

पियानो सुटून दोन वर्षं झाल्यावर, चौदाव्या वर्षी त्याला काओरी भेटते. स्वरलिपीला न जुमानणारी व्हायोलिनवादक. ती त्याला कॉलर धरून परत स्टेजवर ओढते. ‘मला तुझा मित्र वातारी आवडतो’ असं ती सांगत असते, आणि हीच ती एप्रिलमधली थाप. ती थाप आहे हे प्रेक्षकाला दुसऱ्या-तिसऱ्या भागात कळतं. कोसेइला कळतं ती गेल्यावर, तिच्या आईवडिलांनी हातात दिलेलं पत्र वाचून. पोराचा कान गेला होता की डोकं, असा प्रश्न पडतो.

आता आधी कौतुक, कारण ते खणखणीत आहे.

पहिली गोष्ट, या मालिकेत वाजवणारी माणसं खरोखर वाजवतात. आपल्या सिनेमात नायक सतारीवर बसला की त्याचा उजवा हात खाज आल्यासारखा हलतो आणि डावा हात कुठल्याशा दुसऱ्याच रागात असतो. इथे कोसेइचा पियानो वाजवला तोमोकी साकाता यांनी आणि काओरीचं व्हायोलिन युना शिनोहारा यांनी. दोघंही पक्के शास्त्रीय वादक. साकातांनी पुढे २०१६ साली बुडापेस्टची लिस्ट स्पर्धा जिंकली. त्यांचं वादन समोर ठेवून चित्रकारांनी बोटं काढली. त्यामुळे कानावर स्वर पडतो तेव्हा पडद्यावर बोट त्याच पट्टीवर पडलेलं असतं. चित्रातल्या माणसानं केलेला हा प्रामाणिकपणा हाडामांसाच्या नटांना लाजवणारा आहे.

दुसरी गोष्ट, न ऐकू येणं कसं ऐकवायचं याचं उत्तर त्यांना सापडलंय. कोसेइ वाजवायला लागतो. पहिली काही आवर्तनं स्वच्छ. मग एकेक सूर बुजत जातो, जसं काही कुणी त्याला पियानोसकट समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवलंय. पट्ट्यांचा ठक ठक आवाज येतो, सूर येत नाही. कागदावरचे स्वर सुटून पाण्यात तरंगायला लागतात. बहिरेपणावर दहा संवाद लिहिण्यापेक्षा हे अर्धं मिनिट भारी आहे. दिग्दर्शक क्योहेइ इशिगुरो यांनी असा भरवसा उरलेल्या मालिकेतही आपल्या कानांवर टाकला असता तर हा लेख इथेच संपला असता.

तिसरी गोष्ट, चौथ्या भागातली ती दुसरी फेरी. सँ-साँ यांची एक नखरेल रचना, व्हायोलिन पुढे आणि पियानो साथीला. कोसेइचा कान मध्येच जातो, तो सैरभैर होतो आणि थांबतो. स्पर्धेत साथीदार थांबला तर चूक साथीदाराची, पण नुकसान वाजवणाऱ्याचं. अशा वेळी शहाणा माणूस एकट्यानं पुढे रेटतो, गुण वाचवतो. काओरीही थांबते. परीक्षकांच्या दृष्टीनं खेळ खलास. सभागृहात कुजबुज सुरू होते. ती मागे वळून त्याच्याकडे बघते, आणि पुन्हा सुरुवात करते. आता हरायला काही उरलेलं नाही, म्हणून दोघंही एकमेकांवर चाल करून गेल्यासारखे वाजवतात. साथीदार म्हणजे मागे बसून ठेका धरणारा भाडोत्री माणूस नव्हे, हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी तरी पडद्यावर फार पाहिलेलं नाही. आपल्याकडच्या काही बुजुर्ग गायकांना, जे तबलजीला दोन आवर्तनं मोकळी द्यायची म्हटली की कपाळाला आठ्या घालतात, हा भाग हात धरून बसवून दाखवावा.

आणि हा सगळा स्पर्धेचा माहौल जपानात हवेतून आलेला नाही. आपल्याकडे यामाहा म्हटलं की आरएक्स हंड्रेडचा फटफटाट आठवतो. जपानात तोराकुसु यामाहा यांनी १८८७ साली हामामात्सुच्या एका शाळेची पायपेटी दुरुस्त केली, तिथून कारखाना निघाला. मोटारसायकली फार नंतरच्या. टाकीवरच्या बोधचिन्हात आजही तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. महायुद्धानंतर मात्सुमोतोमध्ये शिनिची सुझुकी यांनी जाहीर केलं, की प्रतिभा जन्मानं येत नाही, ती घडवता येते. मातृभाषा येते तसं व्हायोलिन येईल. त्यांच्या पद्धतीत पोराआधी आईनं व्हायोलिन हातात धरायचं, तासाला बसायचं, घरी रियाज करून घ्यायचा. सुझुकींना त्यातून मायेनं घडलेली मुलं हवी होती. पण कुठल्याही गावात ‘प्रतिभा घडवता येते’ एवढंच अर्धं वाक्य ऐकून घरी धावत जाणारे पालक असतातच. साकी त्यातली.

आता मराठी कानाची एक पंचाईत सांगतो. काओरीचा जो भयंकर गुन्हा म्हणून मालिकेत दाखवतात, तो आपल्या पचनी पडत नाही. ती बीथोवनचा ‘क्रॉइत्झर’ सोनाटा वाजवताना लय मनासारखी वाढवते, कमी करते, कुठे जोर देते, कुठे सोडते. परीक्षक डोक्याला हात लावतात. एक जण तर भडकतोच. आणि इकडे आपण ख्याल ऐकत वाढलेले लोक एकमेकांकडे बघतो, की बाई, गुन्हा काय घडला? आपल्याकडे बंदिशीच्या चार ओळी म्हणजे नुसता उंबरठा. त्यापुढे तुझं तू बघ, रागाची शिस्त मोडू नकोस आणि समेवर ये, झालं. विष्णु दिगंबर आणि भातखंड्यांनी स्वरलिपी करून दिली ती बंदिशी हरवू नयेत म्हणून. लिहिलंय तेवढंच गा असं सांगायला नव्हे. आपल्याकडे तर लिहिलंय तेवढंच गाऊन खाली उतरणाऱ्याला श्रोते विचारतील, की बुवा, गाणं कधी सुरू करणार?

पण तिकडची शिस्तही मूर्खपणाची नाही. तिथे रचना हेच अख्खं घर आहे. वादकानं त्यात राहून दाखवायचं असतं, भिंती पाडायच्या नसतात. म्हणूनच मालिकेनं इथे एक सोन्यासारखी संधी घालवली आहे. हा सोनाटा १८०३ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला तेव्हा व्हायोलिनवर जॉर्ज ब्रिजटॉवर होता आणि पियानोवर खुद्द बीथोवन. ब्रिजटॉवरनं एका जागी कागदावर नसलेली हरकत घेतली, तर बीथोवननं उठून त्याला मिठी मारली आणि पुन्हा घे म्हणाला, असा किस्सा ब्रिजटॉवरच्याच आठवणींतून चालत आला आहे. पुढे दोघांचं बिनसलं आणि अर्पणपत्रिकेवर नाव लागलं ते रोडोल्फ क्रॉइत्झर याचं, ज्यानं ही रचना कधी वाजवलीच नाही. म्हणजे ज्या सोनाट्याच्या जन्मातच बेशिस्त आहे, तो बेशिस्तीनं वाजवला म्हणून परीक्षक चिडतात. मेट्रोनोमचं पेटंट मेल्झेलनं घेतलं १८१५ साली, ‘क्रॉइत्झर’नंतर बारा वर्षांनी. एवढी मजेदार भांडणाची सामग्री हाताशी असताना मालिका काय करते? परीक्षकांना खडूस ठरवते, श्रोत्यांना रडवते आणि काओरीला श्रोत्यांच्या शिफारशीवर पुढच्या फेरीत ढकलते.

परीक्षक कोपले, प्रेक्षकांनी तारलं. ओळखीचं वाटतं ना? आपल्या वाहिन्यांवर बालगायकांच्या स्पर्धा ऐन भरात होत्या तेव्हा हेच चालायचं. फक्त तिथे एसएमएसचे पैसे पडायचे.

इथून पुढे तक्रारवही उघडतो.

तक्रार पहिली: ही मालिका संगीतावर आहे, पण तिला संगीत ऐकू देववत नाही. शोपॅनचा दहाव्या संचातला चौथा एत्यूद साधारण दोन मिनिटांत संपतो. हात भाजल्यासारखा वाजवायचा असतो. इथे कोसेइचा प्रतिस्पर्धी ताकेशी आइझा तो वाजवायला घेतो, आणि त्या दोन मिनिटांत त्याचं बालपण, त्याची ईर्ष्या, त्याच्या शिक्षकांचं मत, कोसेइचं मत, मागच्या रांगेतल्या बाईंचं मत असं सगळं येऊन जातं. दुसरी प्रतिस्पर्धी एमी इगावा पियानोवर बसली की पुन्हा तेच. मैफलीत शेजारी बसून प्रत्येक तानेला ‘आता बघा हां, आता दुःख येतंय’ असं कानात सांगणारा एक काका असतो. त्या काकांना या मालिकेत पटकथा लिहायचं काम मिळालेलं आहे. मासारु योकोयामा यांचं पार्श्वसंगीतही चांगलंच आहे, पण शोपॅनच्या अंगावर तेही टाकायचं आणि वर स्वगतही टाकायचं म्हणजे शोपॅननं कुठे जावं?

तक्रार दुसरी: ही चौदा वर्षांची पोरं बोलतात कशी! शाळा सुटल्यावर पुलावरून घरी जाताना एक जण ताऱ्यांवर बोलतो, दुसरी जगण्याच्या अर्थावर, तिसरी वसंत ऋतूवर. नववीतलं पोर घरी जाताना भूक लागली एवढंच बोलतं, आणि तेही आईनं तीनदा विचारल्यावर. वाजवताना ही मुलं चौदा वर्षांचीच वाटतात: घामेजलेली, ईर्ष्येनं पेटलेली, पोटात गोळा आलेली. तोंड उघडलं की सुभाषितमाला. बोटांना जे वय आहे ते संवादांनाही दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

तक्रार तिसरी: हा कोसेइ अरिमा आहे की संगीत विद्यालयाची जाहिरात? एमीनं पियानो का धरला? लहानपणी कोसेइचं वादन ऐकून तिला रडू आलं म्हणून. काओरीनं पियानो सोडून व्हायोलिन का धरलं? पाच वर्षांची असताना कोसेइचं वादन ऐकून ती वेडी झाली आणि त्याच्या साथीनं वाजवता यावं म्हणून. ताकेशी कशासाठी झिजतो? कोसेइला गाठायला. ताकेशीची बहीण नागी कोसेइकडे शिकायला का येते? त्याचा काटा काढायला. अख्ख्या तोक्योत या एका पोराशी देणंघेणं नसताना केवळ सूर आवडला म्हणून वाद्य हातात घेतलेलं एक मूल या मालिकेत सापडत नाही. सगळ्या नद्या एकाच समुद्राला मिळतात हे ठीक, पण त्या निघतातही त्याच्यातूनच?

तक्रार चौथी, आणि ही जरा मनाला लागणारी. काओरी. पायातले बूट काढून बागेत पोरांबरोबर वाजवणारी, वाजवताना अंगात वारं भरलेली ही मुलगी मालिकेतली सगळ्यात जिवंत व्यक्ती आहे. आणि तिला काम काय दिलंय? मुलाला बरं करणं. तो हिरमुसला की ही हजर, तो अडला की हिचा धक्का, तो पळाला की ही त्याच्या मागे. तिला काय वाटतं, तिला कशाची भीती वाटते, व्हायोलिन धरायची ताकद हातांतून जायला लागली तेव्हा तिच्या पोटात काय झालं, हे तिच्या तोंडून आपल्याला धड कळतं ते पत्रातून. म्हणजे मेल्यावर. बावीस भाग कोसेइच्या मनातल्या समुद्राचा तळ दाखवणाऱ्या मालिकेला नायिकेच्या मनात डोकवायला तिच्या तेराव्याची वाट बघावी लागली.

तक्रार पाचवी: मार. पहिल्याच भागात शेजारच्या त्सुबाकीनं टोलवलेला चेंडू संगीतकक्षाची काच फोडून कोसेइच्या डोक्यात बसतो. रक्ताची कारंजी, गमतीदार चेहरे, हशा. काओरी त्याला लाथा घालते, हशा. जपानी विनोदी अ‍ॅनिमेशनची ती जुनी रीतच आहे, मान्य. पण ज्या गोष्टीचा कणाच मुळी आईच्या माराखाली मोडलेलं पोर हा आहे, तिनं दर पाच मिनिटांनी त्याच पोराला बदडून प्रेक्षकाला हसवावं? एका दृश्यात छडीचे वळ दाखवून डोळ्यांत पाणी आणायचं आणि पुढच्या दृश्यात टेंगूळ दाखवून दाद मागायची. लेखकाला एकदा तरी विचारावंसं वाटतं, की मार नक्की लागतो की नाही लागत?

आणि त्यातूनच सगळ्यात मोठी तक्रार. साकीची माफी.

तेराव्या भागात कोसेइ एकटा स्टेजवर बसतो आणि क्राइस्लरची ‘लव्हज सॉरो’ ही रचना राखमानिनॉफनं पियानोसाठी बांधली तशी वाजवतो. ही आईची आवडती रचना, त्याच्या तान्हेपणी ती अंगाईसारखी वाजवायची. वादन अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण त्याच सुमारास आईची मैत्रीण हिरोको आपल्याला खुलासा पुरवते, की साकीला आपलं मरण दिसत होतं, पोराला पोटापाण्यापुरती तरी तयारी करून द्यावी म्हणून ती कठोर झाली. मग पोरगं आईला निरोप देतं, भूत उतरतं, आपले डोळे ओले. हिशेब चुकता.

चुकता? खुलासा म्हणजे माफी नव्हे. आपण मराठी लोकांना या बाबतीत कुणी शिकवायला नको. श्यामच्या आईनंही शिंपटी उगारली होती. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला तिनं फोडून काढलं ते त्यानं विहिरीत उडी मारावी म्हणून, त्याची भीती जावी म्हणून. साकीच्या छडीनं भीती गेली नाही, ती आत शिरली आणि कानात जाऊन बसली. ‘त्याच्या भल्यासाठीच’ हे वाक्य दोन्हीकडे सारखंच. फरक पोराचं पुढे काय झालं यात असतो. एकाचं पाण्याशी जमलं, दुसऱ्याचं पियानोशी बिनसलं. मालिकेला हे दिसत नाही असंही नाही. दहाव्या भागापर्यंत तिनं साकीला सावलीसारखी, भयंकर, खरी दाखवली आहे. आणि मग ऐन वेळी तिला वाटलं, की आई आहे, वाईट कशी दाखवायची? या घाबरटपणाला आपल्याकडे संस्कार म्हणतात.

तिकडच्याच दुसऱ्या एका मालिकेकडे बोट दाखवतो म्हणजे मुद्दा कळेल. ‘साउंड! युफोनियम’. क्योतोजवळच्या उजी गावातल्या एका शाळेचा ब्रास बँड, २०१५ साली सुरू झालेली गोष्ट. इथे कुणाला असाध्य आजार नाही, कुणी स्टेजवर कोसळत नाही. नाट्य कशात आहे? स्पर्धेसाठी कुणाला घ्यायचं आणि कुणाला बाहेर बसवायचं यात. एकल तुतारी कुणाला द्यायची यावरून अख्ख्या बँडमध्ये फूट पडते. तिथल्या बँड स्पर्धेत सुवर्ण मिळूनही पुढच्या फेरीत जाता येत नाही, असंही होतं. पोरं सुवर्ण हातात धरून रडतात. २०२४ साली आलेल्या तिसऱ्या पर्वात नायिका कुमिको तीन वर्षं घासल्यावर पडद्याआडच्या चाचणीत नव्यानं आलेल्या मुलीपुढे उभी राहते. मतं समसमान पडतात. निर्णायक मत तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीकडे, रेइनाकडे जातं. रेइना कुमिकोचा सूर ओळखते, आणि तरी मत दुसरीला देते, कारण ती जास्त चांगली वाजवते. बस. कुणी मेलं नाही. पण तो घाव ‘एप्रिल’मधल्या कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा खोल जातो, कारण तो संगीतानं केलेला आहे, आजारानं नव्हे.

इथेच ‘एप्रिल’चं घोडं अडतं. मेट्रोनोमविरुद्ध बावीस भाग आरडाओरडा करणारी ही मालिका स्वतः मेट्रोनोमवर चालते. विनोद, टेंगूळ, पियानो, आठवण, अश्रू. पुन्हा विनोद, टेंगूळ, पियानो, आठवण, अश्रू. ठेका चुकत नाही. साकीनं कोसेइला जसं घडवलं तसंच लेखकानं आपल्याला घडवायला घेतलंय: इथे हसा, इथे रडा, कागदावर आहे तेवढंच रडा. आणि गंमत म्हणजे ज्या जागी मालिका हा ठेका सोडते, तिथेच ती थोर होते. चौथ्या भागात दोघं थांबतात तिथे. दहाव्या भागात कोसेइ शोपॅनच्या पंचविसाव्या संचातला पाचवा एत्यूद मध्येच तोडतो, स्पर्धेतून बाद होतो, आणि मग केवळ एका मुलीला ऐकू जावं म्हणून पुन्हा सुरू करतो तिथे. शोपॅननं या एत्यूदमध्ये मुद्दाम खेटून ठेवलेले खटकणारे स्वर आहेत. बिनचूक वाजवलं तरी चुकल्यासारखं वाटतं. बिनचूकपणाला कंटाळलेल्या पोराला याहून चांगली रचना मिळाली नसती. ज्यानं ही निवड केली त्याला माझा नमस्कार. त्यालाच बाकीचे भागही का लिहू दिले नाहीत, एवढंच विचारायचंय.

आणि शेवटच्या भागातला ‘बॅलड’. शोपॅननं १८३५ मध्ये पुरी केलेली रचना. इकडे हा वाजवतोय, तिकडे ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर. योजना इतकी उघड आहे की चीड यावी. पण साकातांची बोटं शेवटच्या उतारावर येतात, आणि लेखकाला शिव्या घालता घालता आपण गप्प होतो. रडू येतं. ते श्रेय शोपॅनचं आणि वाजवणाऱ्याचं; पटकथेनं त्यात हिस्सा मागू नये.

तर निकाल असा. मालिका बघण्यासारखी आहे. अख्खी बघण्यासारखी नाही. दुसरा, चौथा, दहावा, तेरावा आणि बाविसावा हे भाग चांगले हेडफोन लावून बघा. मधले भाग पोरांना बघू द्या, त्यांना पुलावरची सुभाषितं चालतात. रडू आलं तर खुशाल रडा, त्यात कमीपणा नाही. पण घरात पियानोच्या, पेटीच्या नाहीतर तबल्याच्या क्लासला जाणारं एखादं पोर असेल, तर तेरावा भाग आधी एकट्यानं बघा. आणि साकीला माफ करायची घाई करू नका. तो अधिकार कोसेइचा आहे, लेखकाचा नाही आणि आपलाही नाही.